अकरा शब्दांच्या विमलताई

विमलताई मोरेंना चेहऱ्याने ओळखणारी माणसं कल्याण-डोंबिवलीत मोजून शे-दीडशे निघतील. आवाजाने न ओळखणारा मात्र एक शोधून दाखवा. "सूचना. उद्या मंगळवार. उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा." हे रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून ज्या बाईच्या आवाजात तुमच्या गल्लीत शिरतं, त्या विमलताई. या आवाजावर लोक पिंपं भरतात, पोरांना डोस पाजायला उचलून नेतात, लाईट जायच्या आधी गिरणीत दळण टाकून येतात. कुणी खिडकीतून डोकं काढून विचारत नाही, की बाई, हे खरं कशावरून?

ताईंची आयुष्याची कमाई एवढीच. आणि ती जाऊ नये म्हणून ही बाई काय काय करायची ते मी तीन वर्षं जवळून बघितलंय. ती कमाई एकदा जायला आलेली. माझ्यामुळे. ते सांगतेच, लपवायला आता काही उरलेलं नाही. पण आधी ताई.

मी मुरबाडची. शाळा तिथलीच, आणि शाळेत मी सरांच्या नकला सोडून धड काही केलेलं नाही. बारावीनंतर कोपरला मावशीकडे राहायला आली. मावशीने चार दिवस माझी बडबड ऐकली आणि पाचव्या दिवशी मला कल्याणला प्रमोदशेठकडे पाठवून दिलं. शेठचा घोषणा रेकॉर्ड करायचा स्टुडिओ म्हणजे घाऊक मिरचीच्या गोदामावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली पोती हलली की वर सगळे खोकायचे, त्यामुळे रेकॉर्डिंग कधी करायचं हे खालचे हमाल ठरवायचे.

शेठ म्हणाले, "काय येतं तुला?"

मी म्हटलं, "कुणाचाही आवाज काढते. ती पाण्याच्या रिक्षातली बाई काढू?"

आणि काढली. पोटातून, जड, प्रत्येक शब्दानंतर एक पायरी उतरल्यासारखी थांबत. शेठ हसता हसता खुर्चीतून घसरायला आले. कोपऱ्यात एक बाई स्टीलच्या डबीत लवंग शोधत बसलेली. कॉटनची साडी, चष्मा दोरीला. मान वर न करता ती म्हणाली, "बाकी ठीक आहे. पण तू शेवटचं अक्षर खातेस. मी खात नाही."

मला वाटलं, झालं, आता परत मुरबाडची एसटी. तर ताई शेठना म्हणाल्या, "ठेवा हिला. कान चांगलाय. तोंडाचं नंतर बघू."

माइकसमोर नसल्या की ताई इतक्या हळू बोलायच्या की शेजारी बसूनही अर्धं निसटायचं. रिक्षा चालवणारे हुसेनभाई वैतागायचे. "ताई, जरा व्हॉल्यूम वाढवा ना." ताई म्हणायच्या, "माझा व्हॉल्यूम तुमच्या टपावर बसवलाय, हुसेनभाई. घरी न्यायला परवानगी नाही." गार पाणी बंद, लोणचं बंद, गोदामाच्या जिन्यावर नाकाला पदर. फोन उचलला की हॅलो नाही. "बोला, ऐकतेय." आणि खरंच ऐकायच्या. आपण बोलायचं थांबलो तरी पुढे दोन-तीन सेकंद ऐकत राहायच्या, त्यामुळे समोरचा घाबरून अजून काहीतरी खरं बोलून जायचा. माझ्याकडून त्यांनी अशीच दोनदा खोट्या आजारपणाची कबुली काढून घेतलेली.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच, "कुणी पाहिलं?"

समजा पाणी खात्यातून एखाद्या साहेबांचा फोन आला. "मोरे मॅडम, शुक्रवारी पाणी बंद. टाका तुमची घोषणा."

"कुणी पाहिलं?"

"काय पाहिलं?"

"काम कुठंय? व्हॉल्व्ह कोण बंद करणार? त्याच्याशी बोलते, मग टाकते."

"अहो, मी साहेब बोलतोय."

"म्हणून तर विचारतेय. साहेब ऑफिसात असतात. व्हॉल्व्ह रस्त्यात असतो."

मग ताई खरंच त्या व्हॉल्व्हवाल्याला गाठायच्या. तो बिचारा चहा पीत असायचा. त्याला विचारायच्या, किती वाजता फिरवणार, आधी कुठला एरिया सुकणार, आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला कुणी सांगितलं? बऱ्याचदा त्यालाच काही माहीत नसायचं. तो ताईंनाच विचारायचा, "म्हणजे शुक्रवारी बंद आहे का?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, साहेबांनी लेखी दिलंय. आपण वाचायचं आणि सुटायचं. चुकलं तर त्यांचं."

तेव्हा त्यांनी धोंडूमामांचं सांगितलं.

ताई तेव्हा विशीत होत्या, कळव्याच्या चाळीत. विहारात माइक असायचा, आणि खणखणीत आवाज म्हणून तो ताईंच्या हातात. एका सकाळी निरोप आला, चाळीतले धोंडूमामा हॉस्पिटलमध्ये वारले. मामा आठवडाभर ॲडमिट होतेच, त्यामुळे शंका कुणाला येणार. ताईंनी माइकवर जाहीर केलं. तासाभरात अर्धी चाळ पांढऱ्या कपड्यांत जमली, हार आले, बायकांनी मामींना मधे घेतलं. आणि तेवढ्यात नाक्यावरून धोंडूमामा स्वतः चालत आले. डिस्चार्ज मिळालेला, येताना पिशवीत मेथीची जुडी. त्या वॉर्डात त्यांच्याच नावाचा दुसरा पेशंट होता.

मामा म्हणाले, "कुणाचं काय झालं?"

कुणी सांगेना. शेवटी एक म्हातारी पुढे झाली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पण भोंग्यावर तर सांगितलं."

ताई हे सांगायच्या तेव्हा मी आडवी पडून हसायची. म्हातारीचा आवाज मला लगेच जमलेला. ताई मला हसू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "चाळ पण हसली. मामा पण हसले. मला नाही हसू आलं. जिवंत माणूस मेथी घेऊन समोर उभा, आणि म्हातारीला भोंगा खरा वाटतोय. त्या दिवशी कळलं, आपल्या हातात काय दिलंय ते."

मी हसायचं थांबायची. थोडा वेळ.

माइकबद्दल ताईंचं डोकं उलट्या दिशेने चालायचं. आपण विचार करतो, काय बोलू. त्या विचार करायच्या, आपण बोलत असताना ऐकणारा कुठे उभा असेल आणि कुठे बघत असेल. माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये कल्याणला जयंतीच्या कार्यक्रमात चार वर्षांचं एक पोरगं हरवलं. मैदान फुल्ल. स्टेजवरचा निवेदक भारदस्त आवाजात सुरू झाला, "निळा शर्ट, काळी पँट, नाव आयुष." त्या दिवशी मैदानात निळा शर्ट नसलेलं पोरगं शोधणं सोपं होतं. त्याने चारदा सांगितलं, आणि चारही वेळा हजारो माणसांनी मान वर करून स्टेजकडे बघितलं.

ताई खाली बायकांत बसलेल्या. उठल्या, स्टेजवर गेल्या, निवेदकाच्या हातातून माइक घेतला. म्हणजे अक्षरशः घेतला, त्याची बोटं सोडवून. आणि म्हणाल्या, "एक मूल हरवलंय. सगळ्यांनी आहात तिथे खाली बसा. मोठ्यांनी सगळ्यांनी बसा. कडेवर मूल असेल तर मांडीवर घ्या."

मैदान बसलं. लाट बसावी तसं, पुढून मागेपर्यंत. आणि मागे पाण्याच्या टाकीपाशी एक निळा शर्ट एकटाच चालत होता, रडत, आईच्या साडीचा रंग शोधत.

नंतर मी म्हटलं, "भारी आयडिया, ताई."

"आयडिया कसली. भोंगा वाजला की माणूस भोंग्याकडे बघतो. पोराकडे कोण बघणार? भोंग्याने आधी त्याला त्याच्या पायाकडे बघायला लावायला पाहिजे."

पण खरा वेडेपणा म्हणजे ऐकायला जाणं. नवीन एरियात रिक्षा फिरवायची असली की ताई आधी त्या गल्लीतल्या कुठल्याही तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवायच्या. दार उघडलं की तेच हळू बोलणं. "मी पाण्याच्या रिक्षातली. तुमच्या स्वयंपाकघरात बसून माझा आवाज ऐकू का?" लोक आधी चपापायचे, मग एवढे खूश व्हायचे की चहा, चिवडा, फोटो. ताई स्टुलावर डोळे मिटून बसायच्या. खालून हुसेनभाई जायचे. पंखा चालू, टीव्हीवर सासू-सून चालू, कुकरची शिट्टी. ताई बोटांवर मोजायच्या. जिना उतरताना मला सांगायच्या, "अकरा."

तिसऱ्या मजल्यावर, रिक्षा चालत्या माणसाच्या स्पीडने जात असताना, एका घरात साधारण अकरा शब्द धड पोचतात. बारावा शेजारच्या बिल्डिंगचा. म्हणून ताईंच्या घोषणेत लांब वाक्य नसायचं. प्रत्येक वाक्य सुटं आणि स्वतःच्या पायावर उभं. कुठलाही तुकडा कानावर पडला तरी अख्खी गोष्ट कळली पाहिजे. साडेअकरा ते साडेबारा डोंबिवलीत रिक्षा बंद, कारण कुकर. आणि 'परंतु' हा शब्द आयुष्यातून बाद.

साहेबांकडून मजकूर यायचा, 'पाणी येईल, परंतु ते पिण्यास अयोग्य असेल.' ताई लाल पेनाने परंतुवर काट मारायच्या. "हे वाच, रुपाली. 'पाणी येईल' पहिल्या बिल्डिंगला ऐकू आलं. 'परंतु' पुढच्या बिल्डिंगला गेलं. पहिली बिल्डिंग पाणी पिऊन आजारी. दुसरीला कळत नाही काय उकळायचं. आणि साहेब म्हणणार, आम्ही तर कळवलेलं."

"मग कळवलेलंच ना त्यांनी."

"कागदाला कळवलं. कागद एका जागी बसतो, त्याला सगळं झेपतं. माणसाला काय कळतं ते तो कुठे उभा आहे त्यावर असतं गं. गॅसपाशी उभी बाई वेगळं शिकते, गॅलरीत उभा बाप्या वेगळं. फोनवाला तर तिसरंच."

फोनवर त्यांचा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. म्हणायच्या, "रिक्षा गेली की आवाज गेला. चुकलं तर चुकलं, उद्या दुसरी सांगते. फोनातला आवाज जातच नाही. कालचा आज वाजतो, इथला तिथे वाजतो. आणि बोलणारा कुठल्या गल्लीत उभा होता ते दिसत नाही."

मी माना डोलवायची आणि टेबलाखाली रील बघायची.

आता माझं प्रकरण.

मागच्या वर्षी. मावशीच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा एक ग्रुप आहे. त्यात मी फेमस. कुणाचाही वाढदिवस असला की, रुपाली, आवाज काढ. एका दुपारी कुणीतरी म्हटलं, पाण्याची बाई काढ ना. मी दोन मिनिटांत केलं. "सूचना. उद्यापासून तीन दिवस पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा. ज्यांना आंघोळ आवडत नाही त्यांचं मंडळातर्फे अभिनंदन. नवरा-बायकोने एकाच बादलीत भागवावं." ग्रुपवर हसून रडणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी खूश होऊन झोप काढली.

आणि काय झालं माहितीये? कुणीतरी पहिला तुकडा कापून पुढे पाठवला. मुद्दाम की चुकून, आजपर्यंत कळलेलं नाही. आंघोळ गेली, नवरे गेले. 'तीन दिवस पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा' एवढंच उरलं. आणि तो तुकडा एकदम परफेक्ट होता, कारण ताईंच्या हाताखाली शिकलेली मी. प्रत्येक वाक्य सुटं. स्वतःच्या पायावर उभं. मी आपली साधी, गबाळी, लांबलचक नक्कल केली असती ना, तर ती कापताच आली नसती.

संध्याकाळी ती क्लिप कळव्यापर्यंत पोचलेली. सकाळी पाणी आलं, नेहमीसारखं. पण घराघरात पिंपं, बादल्या, टोप, पोरांचे डबे, एकाने म्हणे कुंड्यासुद्धा भरल्या. दहा वाजेपर्यंत बिल्डिंगच्या टाक्या कोरड्या. वरच्या मजल्यांना थेंब नाही. आणि वरच्या मजल्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'बघा, बंद झालं. क्लिप खरीच होती.' म्हणजे खोट्याने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करून दिला.

मी स्टुडिओत पोचली तेव्हा ताई फोन कानाला लावून क्लिप ऐकत होत्या. शेठ येरझाऱ्या घालत होते. "एआय आहे, ताई. हंड्रेड पर्सेंट. कॉम्प्युटरने तुमचा आवाज चोरला. मी कधीपासून म्हणतोय, आपणच तुमचा आवाज मशीनवर टाकू. तुम्ही घरी बसा, मशीन बोलेल."

"मग बघून कोण येणार? मशीन?" ताई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

खरं सांगू? एआयचं नाव ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढी मेहनतीने काढलेली नक्कल आणि क्रेडिट मशीनला. अशी मी. सुधारणार कधी देव जाणे.

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. "कॉम्प्युटरला घसा नसतो, शेठ. इथे 'आजच'च्या आधी कुणीतरी आवंढा गिळलाय." मग माझ्याकडे बघितलं. "शेवटचं अक्षर खाल्लं नाहीस या वेळी."

मी रडायला लागली. शेठ ओरडायला लागले. खाली पोती हलली आणि आम्ही तिघं खोकायला लागलो. ताई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी रागावले नाही. मला फक्त सांग, आता मी लोकांना काय सांगू? याच आवाजात सांगू, की तो हा आवाज नव्हता?"



दुसऱ्या दिवशी रिक्षा फिरली, 'ती क्लिप खोटी आहे.' गॅलऱ्यांमधून पोरं ताईंचीच नक्कल करून उत्तर द्यायला लागली, "ही क्लिपसुद्धा खोटी आहे." हुसेनभाई आयुष्यात पहिल्यांदा गल्ली अर्धी सोडून परत आले.

आणि नेमकं आठवडाभरात कोपरला, मावशीच्या मागच्याच गल्लीत, एका बांधकामाच्या खोदकामात पाण्याची लाईन फुटली आणि बाजूच्या गटाराचं त्यात शिरलं. ताई स्वतः खड्ड्यापाशी गेल्या, नळाखाली बाटली धरून भरून आणली. पिवळसर, आणि वास असा की झाकण लावूनही येत होता. रेकॉर्डिंग झालं. हुसेनभाई निघाले. ताई नेहमीसारख्या ऐकायला गेल्या, मला बरोबर घेऊन. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण आई, मुलगी शाळेला निघालेली. ताईंना तिने ओळखलं, आत घेतलं, स्टूल दिलं.

खालून आवाज आला. "पाणी पिऊ नका. पाण्यात गटार मिसळलंय. पाणी उकळूनच प्या."

आणि त्या बाईने मुलीची शाळेची बाटली घेतली आणि नळाखाली धरली.

ताई म्हणाल्या, "अगं, ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण आता कोण विश्वास ठेवतं, ताई? गेल्या आठवड्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, एवढी भांडी भरलेली. ती क्लिप म्हणे कॉम्प्युटरची होती, हा आवाज पण तसाच असेल."

"मी समोर बसलेय तुझ्या."

तिने नळ बंद केला. ओशाळली. "हो, तुम्ही म्हणताय तर उकळते. पण मी एक झाली. बाकीच्या घरांत तुम्ही कुठे कुठे बसणार?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. ताईंनी खिडकीतून बघितलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस गॅलरीत उभा राहून तांब्याने पाणी पीत होता, आणि खाली आमची रिक्षा त्याला तेच सांगत होती, की पिऊ नको.

ताई उठल्या. "रुपाली, खाली चल. तोंड घेऊन चल."

गल्लीच्या मधोमध त्यांनी रिक्षा थांबवली. "हुसेनभाई, पेन ड्राइव्ह काढा." भोंगा एकदम गप्प झाला. इतक्या वर्षांत तो गल्लीत उभा राहून गप्प कधी झाला नव्हता. त्या शांततेनेच चार माणसं बाहेर आली. ताईंनी माइक हातात घेतला. "मी विमल मोरे. टपाकडे बघू नका. खाली बघा. चष्मेवाली, हिरवी साडी. हा आवाज माझा आहे. मी आत्ता खड्डा बघून आलेय."

वरून कुणीतरी म्हटलं, "ओ हिरवी साडी, मागच्या आठवड्याचं काय?"

ताईंनी माइक माझ्या हातात दिला.

मी मुरबाडच्या शाळेत, गणपतीत, लग्नांत, कुठेही माइकला घाबरलेली नाही. त्या दिवशी माइक किलोभर जड झालेला. मी म्हटलं, "ते मी केलेलं. मस्करी होती. सॉरी."

"काहीही. तो कॉम्प्युटर होता."

"नाही हो, मी."

"ए, ताईंना वाचवायला आणलंय हिला." दुसरा एक म्हणाला.

म्हणजे बघा. मी खोटं बोलली तेव्हा अख्ख्या कळव्यापर्यंत खरं. आता आयुष्यात पहिल्यांदा माइकवर खरं बोलतेय तर कुणी मानायला तयार नाही. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "सांगू नकोस. दाखव."

मग मी दाखवलं. तिथेच, रस्त्यात, सगळ्यांसमोर. "सूचना. उद्यापासून तीन दिवस..." माझ्या तोंडातून ताई निघाल्या. ताईंनी माइक ओढून घेतला आणि माझंच वाक्य पुढे चालवलं, "...पाणी येणार नाही, असं ही मुलगी म्हणाली. हे खोटं होतं." परत माइक माझ्याकडे. मी पुढचं म्हटलं. परत ताईंकडे. एकच आवाज, दोन तोंडं, ढळढळीत दिवसा. गल्ली हसायला लागली. लहान पोरं खाली पळत आली, मी कुठून बोलते ते बघायला माझ्या तोंडाखाली येऊन उभी राहिली. एक आजी वरून म्हणाल्या, "मेले पोरी, माझ्या गुडघ्यांना विचार पिंप कुणी भरलं ते." मी आजींची माफी आजींच्याच आवाजात मागायला निघालेली, ताईंनी पायावर पाय दिला.

हसणं ओसरल्यावर ताईंनी बाटली वर धरली. "हे तुमच्या नळाचं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. वास घ्या."

गॅलऱ्यांमधून भाजीसाठी दोरीच्या पिशव्या खाली सोडायची पद्धत आहे तिकडे. कुणीतरी पिशवी सोडली. ताईंनी बाटली घट्ट बंद करून आत ठेवली. पिशवी पहिल्या मजल्यावर गेली. झाकण उघडल्याचं आम्हाला तोंडावरूनच कळलं. तिथून दुसऱ्या मजल्यावर, मग समोरच्या बिल्डिंगमध्ये. तांब्यावाल्याने वास घेतला आणि गॅलरीत मटकन खालीच बसला. त्याची बायको आतून म्हणाली, "मी ओरडत होते ना." ताई माइकवर स्वतःहून काहीच बोलत नव्हत्या. फक्त कुणी विचारलं तर सांगत होत्या. किती उकळू? उकळी फुटल्यावर थोडा वेळ तसंच उकळत ठेव. कपड्यांना चालेल? चालेल. फिल्टरचं? त्यातलं आधी ओतून टाक. एकीने विचारलं की सगळ्यांना कळत होतं. अर्ध्या तासात त्या गल्लीत घरोघरी गॅसवर टोप चढलेले आणि अकरा शब्दांचा हिशोब कुणी केलेला नव्हता.

त्यानंतर ताईंनी रेकॉर्डिंग बंदच केलं. शेठनी समजावलं, रुसून बघितलं, मशीनचा सॅम्पल आवाजही ऐकवला. ताईंनी तो पूर्ण ऐकला, नेहमीसारखा दोन सेकंद जास्तच, आणि म्हणाल्या, "छान आहे. ह्याला व्हॉल्व्हवर पाठवा आधी." मला दोन महिने माइक मिळाला नाही. काम एकच, लोकांच्या स्वयंपाकघरात बसायचं आणि ऐकायचं. सॉरी म्हणायला गेली तर म्हणाल्या, "ते माइकवर झालंय." हट्टी बाई. मनात धरायची नाही, पण सोडायचीही नाही. मी त्यांच्यावर चिडायची आणि घरी जाऊन मावशीला त्यांचीच वाक्यं ऐकवायची.

आता मी ठाण्याला डबिंगचं काम करते. कार्टूनमधली खार, बदक, कधी कधी अर्धवट रडकं भूत. ताईंची भेट होत नाही फारशी. गेल्या महिन्यात कल्याणला काम होतं म्हणून गेलेली, तर एका गल्लीच्या तोंडाशी हुसेनभाईंची रिक्षा दिसली. मी लांबच थांबली.

ताई रिक्षाच्या बाहेर उभ्या होत्या, एका हातात माइक, दुसऱ्या हाताने उन्हासाठी डोळ्यांवर आडोसा. केस बरेच पांढरे झालेत. सांगून झालेलं, दुरुस्तीला पाणी बंद केलंय. वरून एका बाईने विचारलं, "ताई, येणार कधी पण?"

ताईंनी हातातला कागद बघितला. कागदावर काहीतरी वेळ लिहिलेली असणारच, त्याशिवाय कागद कसला. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माइक तोंडाशी नेला.

"माहीत नाही," भोंगा म्हणाला. "विचारून येते."

रिक्षा वळली आणि खोदकामाच्या दिशेने गेली. मी वर बघितलं. गॅलऱ्यांमध्ये पंधरा-वीस माणसं उभी होती. कुणाच्या हातात फोन होता, कुणाच्या हातात मोकळी कळशी. रिक्षा दिसेनाशी झाली, तिचा फटफट आवाज पण गेला, तरी आत कुणीच गेलं नाही.

मी पण थांबली.